कथा टाइपिंगला देण्याआधी : बांधणीची माहिती

हस्तलिखितातलं शुद्धलेखन, परिच्छेद, विरामचिन्हं आम्ही नीट करून देतो. पण सगळं टाइप झाल्यावर नवव्या पानावरचा प्रसंग दुसऱ्या पानावर न्यायचा ठरला, तर मधली सगळी पानं पुन्हा जुळवावी लागतात आणि त्याचा खर्च तुमच्या माथी बसतो. म्हणून कथेची मोडतोड करायची ती कागदावरच करून घ्या.

आधी मापाचं बोलू. फुलस्केपच्या एका पानावर हाताने साधारण 200 शब्द बसतात. दिवाळी अंकासाठी 2500 ते 3000 शब्दांची कथा धरली तर 13 ते 15 पानं होतात. एवढ्या जागेत सहा ते आठ प्रसंग मावतात. पंधरा कोंबले तर प्रत्येकाला जेमतेम एक पान येतं आणि कथेचं इतिवृत्त होतं.

लिहायला बसण्याआधी कथा एका वाक्यात मांडा : कोणाला काय पाहिजे, आड काय येतं, आणि ते मिळवताना हातचं काय जाईल. ‘भाऊबंदकी’ हा नुसता विषय झाला. कथा अशी : धाकट्याला धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) बाभूळ विकून पोरीची नर्सिंगची फी भरायची आहे, थोरला म्हणतो, झाड माझ्या हद्दीत आहे, मोजणी आणली तर हद्द कळेल, पण माय थोरल्याकडे राहते आणि ते दार बंद होईल. पहिले दोन भाग बहुतेकांच्या वाक्यात असतात. तिसरा राहून जातो, आणि मग पाचव्या पानापासून लेखकालाच पुढे काय लिहावं ते सुचेनासं होतं. गमावण्यासारखं काही नसेल तर माणूस सरळ तहसिलात जाईल, त्यात वाचणाऱ्याने काय बघायचं?

आता प्रसंग वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा. जुन्या लग्नपत्रिकांची पाठकोरी बाजू यासाठी उत्तम. एका चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायच्या : कुठे, कोण, आणि प्रसंग संपताना काय बदललं. बाभळीच्या कथेत मार्चमध्ये गिऱ्हाईक मिळतं, थोरला कुऱ्हाड अडवतो, धाकटा मोजणीचा अर्ज देतो, एप्रिलात थोरल्याला नोटीस पोचते, मायचा निरोप येतो, मे महिन्यात मोजणी होते, आणि शेवटची चिठ्ठी पोळ्याची.

मग एकेक चिठ्ठी उचलून बाजूला ठेवा. पुढच्या एकाही चिठ्ठीला धक्का लागला नाही, तर तो प्रसंग कथेत उपरा आहे. समजा, मध्ये बाजाराच्या दिवशी धाकटा आणि त्याचा सोबती चहा पिता पिता कापसाच्या भावावर बोलतात. संवाद झकास आहे, पण काढला तरी काही बिघडत नाही. तो एक तर गाळा, नाहीतर त्याच हॉटेलात धाकट्याला कळू द्या की थोरल्याने त्याच झाडाचा परस्पर सौदा केलाय. आता हा प्रसंग काढून बघा, मोजणीचा अर्ज लोंबकळत राहील.

कथा ढिली पडते ती बहुधा मध्यावर, कारण तिथे नायक नुसता वाट पाहतो. नोटीस गेली, आता तारीख यायची, तोवर तीन पानं आठवणींची. त्याला काहीतरी करायला लावा, आणि ते अंगलट येऊ द्या : तो थोरला घरी नसताना मायला भेटायला जातो, तेवढ्यात थोरला दारात उभा.

सुरुवातीला सूर्योदय, नदी, मारुतीचं देऊळ अशी दोन पानं असतील तर ती हाताने झाका आणि तिसऱ्यापासून वाचा. कळलं तर कथा तिथूनच सुरू करा. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडच्या झाडीपट्टी नाटकांसाठी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांसाठी लिहिणाऱ्यांना हे जड जातं. रात्रभराच्या प्रयोगात मंडप जागता ठेवायला गाणं लागतं, विनोदी जोडी लागते. चौदा पानांच्या कथेत ती सोय नाही.

शेवट पात्राच्या निर्णयातून यावा. थोरल्याला अचानक झटका येतो आणि तंटा मिटतो, हा शेवट फुकटचा. कास्तकाराच्या गळफासावर कथा संपवण्याआधीही दहादा विचार करा; आधीच्या पानांनी ते कमावलेलं नसेल तर वाचणाऱ्याला ती पळवाट वाटते. आपल्या उदाहरणात झाड धाकट्याच्या हद्दीत निघतं, फी भरली जाते, आणि पोळ्याला त्याची बैलजोडी थोरल्याच्या दारासमोर येते तेव्हा माय ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर येत नाही. इथेच थांबा. पुढे ‘जमीन मिळाली पण माणसं गेली’ असं लिहिलं की मजा गेली.

तपशील इथला असेल तर वाचणारा लगेच पकडतो. शेताची मोजणी तलाठी करत नाही, भूमि अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक करतो, आणि लगतच्या शेतवाल्यांना नोटीस जाते. ऑगस्टमध्ये पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं फुटत नाहीत. वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. कथेतल्या महिन्यांची यादी पिकांशी ताडून बघा.

बोलीचंही तसंच. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद वऱ्हाडीत चालतात, पण एकच पात्र एका पानावर ‘मले’ आणि पुढच्यावर ‘मला’ म्हणत असेल तर आम्हाला कोणतं टाइप करायचं ते समजत नाही. मले, तुले, कायले, हाये, मंग असे पंधरा-वीस शब्द ज्या रूपात हवेत तसे वेगळ्या कागदावर लिहून द्या. रमेश, राजेश, राकेश अशी नावंही एका कथेत नकोत.

हस्तलिखित पानाच्या एकाच बाजूला, डावीकडे दोन बोटं समास सोडून लिहावं. पानांवर क्रमांक घाला. सोबत ते एक वाक्य, शब्दांचा कागद आणि क्रमाने लावलेल्या चिठ्ठ्या आणा. चिठ्ठ्या टाचू नका, रबर लावा. क्रम बहुतेक वेळा आमच्या टेबलावरच पुन्हा बदलतो.