तोफगोळ्याचा फ्यूज : भंगार आणणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अंबड येथील आमच्या काट्यावर पितळ, तांबे व ॲल्युमिनियम घेऊन येणाऱ्या सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की, तोफगोळ्याचा फ्यूज किंवा फ्यूज लागलेला गोळा आम्ही कोणत्याही भावाने घेत नाही. देवळालीस तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र असल्याने सरावक्षेत्रालगतच्या गावांत अशी वस्तू कोणाच्याही नजरेस पडू शकते, म्हणून तिची रचना येथे सांगत आहोत.

फ्यूज म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवून आणणारी कळ. गोळ्याच्या टोकाला आट्यांवर बसवलेला हा निमुळता भाग पितळेचा वा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या लकाकीलाच माणूस भुलतो. त्याच्या आत टोचणारी पिन, अतिसंवेदनशील स्फोटकाची लहानशी टोपी आणि तिचा स्फोट गोळ्यातील मुख्य स्फोटकापर्यंत पोहोचवणारा मधला भार अशी साखळी असते. साठवणीत व वाहतुकीत ही साखळी अडसर घालून मुद्दाम तुटक ठेवलेली असते. तोफ डागताच बसणारा जबर धक्का आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या गोळ्याची गती यांमुळे अडसर सरकतात व साखळी जुळते. मग आदळल्यावर, नेमून दिलेल्या वेळी किंवा जमिनीवरून परतलेल्या रेडिओ लहरींच्या आधारे स्फोट होतो.

खरा धोका यापुढे आहे. डागला जाऊनही न फुटलेल्या गोळ्याचे अडसर बहुधा आधीच निघालेले असतात, त्यामुळे तो कोठारातील कोऱ्या गोळ्यापेक्षा कितीतरी अधिक घातक असतो. ‘पावसात भिजून, गंजून निकामी झाला असेल’ ही समजूत जीवघेणी आहे. टोपीत वापरले जाणारे लेड अझाइड हे स्फोटक ओलाव्यात तांब्या-पितळेशी संयोग पावून अधिकच हळवे संयुग तयार करू शकते. पहिल्या महायुद्धातील गोळे बेल्जियम व फ्रान्सच्या शेतांत आजही सापडतात आणि ते आजही फुटू शकतात. गोळ्यापासून सुटा झालेला फ्यूजही निरुपद्रवी नव्हे. हाताची बोटे उडवण्यास त्यातील टोपी पुरेशी आहे.

अशी वस्तू दिसल्यास तिला हात लावू नये, उलटवू नये, हातोडा किंवा गॅस कटर तर मुळीच चालवू नये. जवळची खूण ध्यानात ठेवून आल्या वाटेने मागे फिरावे, मुलाबाळांना व गुराढोरांना दूर ठेवावे आणि पुरेसे लांब गेल्यावर ११२ वर कळवावे. पुढील काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे आहे. स्फोटक पदार्थ बाळगणे हा १९०८ च्या कायद्यान्वये गंभीर गुन्हा ठरू शकतो, हेही लक्षात असावे.

ती वस्तू आधीच घरी आणलेली असल्यास आमच्याकडे घेऊन निघू नका. आहे तेथेच राहू द्या, घर व शेजार रिकामा करा आणि बाहेरूनच पोलिसांना बोलवा.