म्हादेई (शिडाची नौका)

म्हादेई ही भारतीय नौदलाची, पृथ्वीप्रदक्षिणेसाठी बांधलेली शिडाची नौका असून तिचे अधिकृत नाव आयएनएसव्ही (इंडियन नेव्हल सेलिंग व्हेसल, म्हणजे भारतीय नौदलाची शिडाची नौका) म्हादेई असे आहे. सुमारे १७ मी. (५६ फूट) लांबीची, लाकडी गाभ्यावर फायबरग्लासचे थर चढवलेली ही नौका डच आराखड्यावरून गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली.

नौकेचे नाव नदीवरून आले आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादेई गोव्यात मांडवी होते आणि दिवाडीला वळसा घालून समुद्राला मिळते. नौका त्यामुळे आपल्याच नदीच्या पाण्याकाठी घडली. उगमस्थान म्हणून काही वर्णनांत देगाव, तर काहींत भीमगडच्या रानातील झरे दिलेले आढळतात. ही दोन्ही ठिकाणे एकाच डोंगराळ टापूत असल्याने उगम एका कुंडापुरता न मानता झऱ्यांचा समूह मानणे योग्य ठरेल. याच तालुक्यात कणकुंबीला उगवणारी मलप्रभा मात्र पूर्वेला कृष्णेकडे जाते. नावाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कर्नाटकात व शासकीय कागदपत्रांत ‘महादायी’ हे रूप रूढ असून २०१० मध्ये स्थापन झालेल्या जलविवाद न्यायाधिकरणाच्या नावातही तेच आहे; त्याचा अर्थ ‘महान दात्री’ असा लावतात. बेळगावच्या मराठी वर्तमानपत्रांत ‘म्हादई’ छापले जाते. ‘देवी’चे ‘देई’ होणे मराठी-कोकणीच्या वळणाचे असल्याने ‘महादेवी’पासूनची व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते आणि ‘महादायी’ हे मागाहून केलेले संस्कृतीकरण असावे.

सागर परिक्रमा या नौदलाच्या पृथ्वीप्रदक्षिणा मोहिमेची कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केप टाउन येथे थांबत १९ मे २०१० रोजी प्रदक्षिणा पुरी केली; एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता हीच फेरी केली. प्रवासाच्या उत्तरार्धात त्यांच्या पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळल्याचे आढळले, तेव्हा पावसाचे पाणी धरून त्यांना दिवस काढावे लागले. अशा फेरीत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागते, किमान २१,६०० सागरी मैल कापावे लागतात आणि ल्यूविन, हॉर्न व गुड होप ही तिन्ही भूशिरे वळसा घालून पार करावी लागतात. कालव्यांचा आडमार्ग चालत नाही. दक्षिण महासागरातील पश्चिमी वारे पाठीशी राहावेत म्हणून दिशा पूर्वेची धरतात, आणि हॉर्नला दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात पोहोचता येईल अशा बेताने निघतात.

याच आराखड्याची, दिवाडीलाच बांधलेली तारिणी २०१७ मध्ये दाखल झाली. तिच्यावरून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये, तर दोघींनीच २०२४-२५ मध्ये प्रदक्षिणा केली. तारिणीचे नाव ओडिशातील तारा-तारिणी देवस्थानावरून घेतलेले आहे; खानापूरच्या डोंगरांशी नाते आहे ते म्हादेईचेच.