कडेवर अडखळलेली अक्षरं

1820 च्या सुमाराचा अमेरिकी अर्धा डॉलर कधी हातात आला, तर स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा नंतर बघा. आधी नाणं उभं धरून बोटांत फिरवा. कडेवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ अशी इंग्रजी अक्षरं खोदलेली सापडतील. एखाद्या नाण्यावर मात्र एक अक्षर दुसऱ्यावर चढलेलं असतं.

कडेवर लिहायचं कारण चोरी. नाण्याची किंमत त्यातल्या चांदीची; कड जराशी तासली की चांदी खिशात, आणि नाणंही बाजारात चालवायला मोकळं. अक्षरं असली की तासलेलं लपत नाही.

फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत हे काम छाप पाडण्याआधी, कोऱ्या चकतीवर व्हायचं. कास्तँ या फ्रेंच माणसाच्या नावाचं ते यंत्र. त्यात दोन समांतर पोलादी पट्ट्या, एक पक्की बसवलेली, दुसरी हँडल फिरवलं की सरकणारी. दोन तळव्यांत पेन्सिल फिरवावी तशी चकती मधून गडगडायची. प्रत्येक पट्टीवर निम्माच मजकूर असे, त्यामुळे अर्ध्या गिरकीत पूर्ण कड लिहून व्हायची.

गोम या अर्ध्या गिरकीतच आहे. नाण्याचा व्यास 32.5 मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण 102, आणि प्रत्येक पट्टीच्या वाट्याला 51. चकती अर्धा मिलिमीटर मोठी निघाली तरी परीघ दीड मिलिमीटरने वाढतो आणि दोन तुकड्यांच्या सांध्यात फट पडते. चकती लहान असेल तर शेवटची अक्षरं पहिल्यांवर चढतात. आणि चकती गडगडण्याऐवजी घसरली, की अक्षरं फरफटतात किंवा दुहेरी उमटतात.

कडेची अक्षरं चेहऱ्याच्या मानाने उलटी दिसली, तर ती मात्र चूक नव्हे. चकती छापाखाली कुठल्या बाजूने ठेवली जाईल याला काही नेम नव्हता. नवखे संग्राहक इथे हमखास फसतात.

1836 मध्ये वाफेवरची यंत्रं आली, कड दातेरी झाली आणि अर्ध्या डॉलरवरची अक्षरं गेली. पुढे 2007 मध्ये अमेरिकेने राष्ट्राध्यक्षांच्या डॉलर नाण्यांवर कडेची अक्षरं परत आणली, या वेळी छापानंतर, वेगळ्या यंत्रात. जॉर्ज वॉशिंग्टनची हजारो नाणी त्या यंत्रात न जाताच कोऱ्या कडेनिशी बाहेर पडली. ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे वाक्यही कडेवरच असल्यामुळे लोकांनी त्यांना ‘देव नसलेले डॉलर’ म्हटलं. 2009 पासून ते वाक्य दर्शनी बाजूवर आलं.