स्फटिक-आसंजन (मूत्रपिंडातील)

मूत्रातील सूक्ष्म स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांना आतून अस्तर करणाऱ्या कोशिकांना चिकटून राहण्याची क्रिया. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे असतात. त्याचे एकजलीय रूप (व्हेवेलाइट) द्विजलीय रूपापेक्षा (वेडेलाइट) अधिक घट्ट चिकटते. म्हणून प्रयोग मुख्यतः त्यावरच झाले आहेत.

खडा मुळात धरतो कोठे, हा वाद जुना आहे. अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये मूत्रपिंडातील अंकुरकांवर (नलिकांतील मूत्र जेथून बाहेर पडते त्या टोकांवर) चुनखडीसारखे पांढुरके चट्टे दाखवले व खडा त्यांवर वाढतो असे मांडले. फिनलेसन व रीड (१९७८) गणिताने वेगळ्या वाटेने तेथेच पोहोचले : मूत्र नलिकांतून काही मिनिटांतच पुढे जाते, तेवढ्यात सुटा स्फटिक नलिकेत अडकण्याइतका वाढत नाही, तेव्हा तो कोठेतरी चिकटलेला असलाच पाहिजे. कॉक व खान यांनी १९९४ मध्ये हिशेब पुन्हा मांडला. एकटा स्फटिक नाही, पण अनेक स्फटिकांचा पुंजका अडकू शकतो, असे त्यांना आढळले. २००३ मध्ये एव्हन, लिंगमन, को आदींनी रँडल चट्ट्यांचा उगम हेन्ले पाशाच्या (मूत्रपिंड-नलिकेच्या वळसेदार भागाच्या) बारीक भागाच्या आधारपटलात, म्हणजे कोशिकांखालील पातळ थरात, दाखवला. तेथील खनिज अ‍ॅपेटाइट (कॅल्शियम फॉस्फेटाचे एक रूप) असून ते नलिकेच्या पोकळीबाहेर असते. आतड्याच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर खडे झालेल्यांत मात्र चट्टे नव्हते, संग्राहक नलिकांच्या (मूत्र गोळा करणाऱ्या शेवटच्या नलिकांच्या) आत स्फटिक होते; तेही अ‍ॅपेटाइटाचेच. सर्व खड्यांना एकच उगम लावण्यापेक्षा रोगप्रकारानुसार उगम वेगळा मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

निरोगी कोशिकेच्या पटलात फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य आतल्या थरात राखलेले असते. ऑक्झॅलेटाने वा अन्य कारणाने इजा झाली की ते बाहेरच्या थरात येते आणि त्याचा ऋणभारित भाग स्फटिकाच्या पृष्ठावरील कॅल्शियमाला धरतो. सियालिक अम्ल, तसेच जखम भरून काढणाऱ्या कोशिकांवरील हायलुरोनन व ऑस्टिओपॉन्टिन यांचीही नावे स्फटिकाला धरणारे रेणू (ग्राहक) म्हणून घेतली जातात. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून काढलेल्या एमडीसीके कोशिकांचा थर पूर्ण जुळला की त्यावर स्फटिक फारसे बसत नाहीत. थर खरवडला की बसतात. यांपैकी कोणता एक ग्राहक निर्णायक, हे ठरवण्याचा आग्रह नसावा.

सायट्रेट, नेफ्रोकॅल्सिन (एक प्रथिन) यांसारखे मूत्रातील ऋणभारित घटक स्फटिकावर बसून हे आसंजन रोखतात. हा पुरावा मुख्यतः काचपात्रातील आहे. चिकटलेला प्रत्येक स्फटिक खडा होत नाही : कोशिका त्याला आत ओढून घेऊन लयकायांत (कोशिकेतील पचन करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांत) विरघळवूही शकतात.