खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे किती आणि कोणते?

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा ते सात टक्क्यांनी कमी असतो आणि पाण्यात विरघळणारा प्राणवायूही जवळपास तेवढ्याच प्रमाणात घटतो. गप्पी किंवा गोल्डफिश पाळणाऱ्याला हा फरक सहसा जाणवत नाही. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र प्राणवायूचा हिशेब मुळातच तंग असतो. समुद्रसपाटीवर 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात 6.8 मिलिग्रॅमच्या आसपास. नाशिकची उंची लक्षात घेतली की 6.3 उरतात आणि उन्हाळ्यात टाकीतले पाणी 30 अंशांवर गेले की 5.8. त्याच वेळी उष्ण पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. त्यामुळे टाकीत किती मासे ठेवावेत हे ठरवताना डिसेंबरातल्या सकाळी ते किती ताजेतवाने दिसतात याला फारसा अर्थ नाही. मे महिन्यात दुपारी वीज गेलेली असताना त्या पाण्यात किती जीव तगतील, यावरच संख्या ठरवायला हवी.

दाटीचा दुसरा परिणाम अमोनियामुळे होतो. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यांपैकी एक रूप तुलनेने निरुपद्रवी, तर दुसरे विषारी असते. सामू (pH, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप) 7 असलेल्या गोड्या पाण्यात विषारी रूपाचा वाटा अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा अधिक असतो. खाऱ्या टाकीचा सामू 8.1 ते 8.3 ठेवावा लागतो आणि तिथे हा वाटा दहापटीच्या आसपास वाढतो. म्हणजे जेवढी घाण गोड्या पाण्यातले मासे सहन करतील, तेवढीच इथे घातक ठरू शकते. दगडांवर आणि वाळूत वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. परंतु नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडू नये.

गोड्या पाण्यासाठी सांगितला जाणारा ‘इतक्या लिटरला माशाची इतकी लांबी’ हा ठोकताळा इथे निरुपयोगी आहे, आणि खरे तर तो तिथेही डळमळीतच आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन सुमारे आठपट होते. खाणे, श्वसन आणि विष्ठा लांबीच्या नव्हे, तर वजनाच्या मागे जातात. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घेतली, तर तिचे आकारमान सुमारे 255 लिटर भरते. दगड, वाळू आणि वर सोडलेली जागा वगळता प्रत्यक्ष पाणी 200 लिटरच्या आसपास राहते. एवढ्या पाण्यात, चांगला स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारे उपकरण) असला तरी, पूर्ण वाढल्यावर दहा-अकरा सेंटिमीटरच्या आत राहणारे पाच-सहा मासे मला पुरेसे वाटतात.

‘पूर्ण वाढल्यावर’ ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. दुकानात चार-पाच सेंटिमीटरचा दिसणारा निळा टँग पुढे 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि निसर्गात तो प्रवाळखडकांवर लांबवर पोहत फिरतो. चार फुटी टाकीत त्याला जागा नाही. लायनफिश देखणा असतो, पण तोंडात मावेल तो प्रत्येक सोबती गिळतो. मँडरिन हा तर सर्वांत फसवा मासा म्हणावा लागेल, कारण तो लहान आणि शांत असतो आणि रंगांमुळे चटकन नजरेत भरतो. तथापि दगडांवर राहणारे सूक्ष्म कवचधारी जीव तो दिवसभर टिपत असतो आणि लहान किंवा नव्या टाकीतला त्यांचा साठा संपला की हळूहळू उपाशी मरतो. बॉक्सफिश घाबरला किंवा मेला तर त्वचेतून विष सोडतो, आणि बंद टाकीत त्यामुळे बाकीचे मासेही दगावू शकतात.

स्वस्त म्हणून हमखास सुचवले जाणारे डॅमसेल कणखर असतात हे खरे, पण ते आपापला कोपरा बळकावतात आणि नंतर आलेल्याला छळतात. एकदा दगडांत शिरले की त्यांना पकडण्यासाठी अख्खी रचना मोडावी लागते. त्याच कुळातला क्लाऊनफिश मात्र नवशिक्यासाठी योग्य आहे. त्याची बंदिस्त पैदास होते, भारतातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती केलेली आहे, आणि अशी पिल्ले तयार खाद्य सहज खातात. मात्र ती दोनच ठेवावीत. या माशांत सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याखालोखालचा नर, आणि टाकीतल्या तिसऱ्याला ही जोडी बहुधा सुखाने जगू देत नाही. त्यांच्यासोबत बंगाई कार्डिनल आणि एखादा फायरफिश चालतो. समुद्रघोडे आणि समुद्रातून काढलेले प्रवाळ यांच्या मोहात पडू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यांना संरक्षण आहे.

मासे एकेक करून, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन, आधी लाजाळू आणि शेवटी दांडगट अशा क्रमाने सोडावेत, म्हणजे जिवाणूंना वाढीव भार पेलायला वेळ मिळतो. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवणे कंटाळवाणे असले तरी टाळू नये. अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीची पिल्ले पाण्यात सुटल्यावर त्यांना साधारण दिवस-दोन दिवसांत मासा सापडावा लागतो. गर्दीच्या टाकीत तो लगेच सापडतो.

उन्हाळ्यात नाशिकच्या कोरड्या हवेचा एक फायदा मिळतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला तर बाष्पीभवनामुळे तापमान मुंबईच्या दमट हवेत उतरेल त्यापेक्षा बरेच अधिक उतरते. मात्र वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोज तेवढेच आरओचे गोडे पाणी घालून क्षारता लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास टिकवावी लागते. पंख्यासाठी टाकी वरून उघडी ठेवायची तर तिच्यावर जाळी बसवावी, कारण फायरफिश दचकला की सरळ बाहेर उडी मारतो. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लगेच सुरू करावा आणि ती येईपर्यंत खाद्य देऊ नये. पचनासाठीही प्राणवायू खर्च होतो. नवे मासे शक्यतो पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे आणावेत, म्हणजे मार्चअखेर पारा चढू लागण्याआधी त्यांना स्थिरावण्यास चार-पाच महिने मिळतात.