आधी कंपायलर, मग कर्नल

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसलेला माणूस टर्मिनल उघडून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ एवढी एक ओळ टाइप करतो. थोड्याच वेळात कंपायलर (लिहिलेला कोड चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बदलणारं अवजार), ती कामं क्रमाने करून घेणारं मेक आणि लागणाऱ्या हेडर फाइल्स तयार असतात. ही ओळ इतकी साधी व्हायला बरीच वर्षं गेली.

लिनक्सच्या घरात अवजारं आधी आली, घर नंतर बांधलं गेलं. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. त्यातून ईमॅक्स हा एडिटर आला, १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर आला. कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा, मात्र रखडला. ती जागा भरली हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने. लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ च्या संदेशात आपल्या कर्नलची बातमी दिली, तेव्हा बॅश (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) आणि जीसीसी त्यावर चालू लागल्याचंही सांगितलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून लिनक्स ही प्रोग्राम लिहिण्याची जागा होती. त्याच सुमारास सन कंपनीने सोलारिस २ या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत सी कंपायलर देणं थांबवून तो वेगळा विकायला काढला होता, हे लक्षात घेतलं की जीसीसी फुकट आणि खुला असण्याचं मोल कळतं.

तरीही अवजार मिळणं वेगळं आणि ते बसवणं वेगळं. सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) उतरवायचा, संगणकात हवं ते आहे का हे तपासणारं कॉन्फिगर चालवायचं, एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) नाही म्हणून अडायचं, ती शोधायला गेलं की तिला आणखी दुसरी हवी. नवशिक्याचा उत्साह इथेच संपायचा. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनने पॅकेजची, म्हणजे बसवायला तयार गठ्ठ्यांची, शिस्त लावली, आणि १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये ॲप्ट हा पॅकेजं बसवणारा प्रोग्राम आल्यावर डिपेंडन्सींचा (एका पॅकेजला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजांचा) हा पाठलाग संगणकाच्याच गळ्यात पडला. माझ्या मते नवशिक्यांवर सर्वांत मोठे उपकार या एका प्रोग्रामचे आहेत.

पायथन या भाषेने नवा पेच आणला. सिस्टिमची कितीतरी कामं स्वतः पायथनवर चालतात. शिकणाऱ्याने सुडो लावून (म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार घेऊन) पिप या पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या अवजाराने काही बसवलं की त्यांची मोडतोड होऊ शकते. म्हणून २०२३ च्या डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप सरळ नकार देतो. ती एरर पाहून पुष्कळजण आपलंच चुकलं असं समजतात. चुकलेलं काही नसतं. २०१२ च्या पायथन ३.३ पासून व्हेन्व्ह ही प्रत्येक कामासाठी पायथनचा वेगळा फोल्डर करून देणारी सोय आहे, फक्त डेबियनवर तिचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. प्रयोग तिच्या फोल्डरमध्ये करावेत. बिघडलं तर तो फोल्डर पुसून नवा करता येतो आणि सिस्टिमच्या पायथनला धक्का लागत नाही.