बाडेनची रेल्वे: आधी ब्रॉडगेज, मग ‘अरुंदीकरण’

आपल्याकडे गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बदलायचं म्हटलं की एकच दिशा डोळ्यांपुढे येते. मिरज–लातूरची छोटी गाडी गेली, ब्रॉडगेज आली. म्हणून तर मराठीत या कामाला सरळ ‘रुंदीकरण’ म्हणतात. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या तेव्हाच्या बाडेन राज्यात मात्र हे काम उलटं झालं. तिथे आधी रुंद रूळ पडले आणि पंधरा वर्षांच्या आत ते जवळ आणावे लागले. आज कार्ल्सरूहहून स्वित्झर्लंडमधल्या बाझलकडे जी गाडी धावते ती याच मार्गाची वारस.

मुळात हा मार्ग घाईत ठरला. 1833 मध्ये मानहाइमच्या एका उद्योजकाने रेल्वेचा प्रस्ताव राज्यापुढे ठेवला तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण ऱ्हाइन नदीच्या पलीकडच्या काठाने फ्रेंच स्ट्रासबुर्ग–बाझल मार्गाची जुळवाजुळव करू लागले, तसं बाडेनचं धाबं दणाणलं. स्वित्झर्लंडकडे जाणारा माल नदी ओलांडून पलीकडे गेला तर आपल्या हाती काय उरणार? मार्च 1838 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि खाजगी कंपनीच्या भरवशावर न राहता राज्याने स्वतःच्या पैशाने रेल्वे बांधायला घेतली.

12 सप्टेंबर 1840 ला मानहाइम–हायडेलबर्ग हा पहिला टप्पा सुरू झाला, जेमतेम साडेअठरा किलोमीटरचा. इंजिनं मँचेस्टरहून आली होती. त्यांतल्या एकाचं नाव ‘लोवे’, म्हणजे सिंह. पुढे रूळ दक्षिणेकडे सरकत गेले: 1843 मध्ये कार्ल्सरूह, 1844 मध्ये ओफेनबुर्ग, 1845 मध्ये फ्रायबुर्ग. मार्ग डोंगराच्या पायथ्याने जातो, डावीकडे ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर आणि उजवीकडे ऱ्हाइनचं सपाट खोरं. मानहाइमहून कार्ल्सरूहला जायला हायडेलबर्गचा वळसा घ्यावा लागे. तो टाळणारा सरळ रस्ता 1870 मध्ये झाला.

आता गेजकडे. बाडेनने रुळांतलं अंतर ठरवलं 1600 मिलिमीटर. शेजारी सगळीकडे 1435 पडत होतं, मग यांनाच हे कुठून सुचलं? आज हा निर्णय वेडगळ म्हणून सांगितला जातो आणि मला ते अन्यायाचं वाटतं. 1838 मध्ये ‘प्रमाण गेज’ नावाची गोष्टच पक्की नव्हती. इंग्लंडमध्ये एक मोठी कंपनी दोन मीटरहून रुंद रूळ टाकत होती, हॉलंडने 1945 मिलिमीटर निवडलं होतं. रूळ एकमेकांपासून लांब असले की चाकांच्या मध्ये बॉयलरला ऐसपैस जागा मिळते, इंजिन दमदार होतं, डबा डुलत नाही, हा हिशेब त्या काळी चुकीचा नव्हता. आणि ‘ब्रॉडगेज’ हा शब्दही जपूनच वापरायला हवा. बाडेनची ही रुंद पट्टी आपल्या 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंदच होती.

चूक झाली ती शेजाऱ्यांचा अंदाज घेण्यात. 1846 मध्ये फ्रँकफुर्ट–डार्मस्टाट–हायडेलबर्ग मार्ग सुरू झाला. बाडेन त्यात भागीदार होतं, तरी रूळ पडले 1435 चे. हायडेलबर्गला दोन्ही मार्ग समोरासमोर आले आणि एकाचा डबा दुसऱ्यावर चढेना. फ्रँकफुर्टहून निघालेलं पोतं इथे हमालाच्या पाठीवर उतरायचं आणि पलीकडच्या डब्यात चढायचं. 1853 मध्ये ब्रुख्झाल इथे शेजारच्या व्युर्टेम्बेर्ग राज्याची रेल्वे येऊन भिडली, तिचंही गेज 1435. आदल्या वर्षी स्वित्झर्लंडनेही तेच गेज निवडलेलं. चहूबाजूंनी कोंडी झाल्यावर राज्याने हार मानली.

1854–55 मध्ये सगळा मार्ग बदलला. फरक 165 मिलिमीटरचा, म्हणजे वीतभरही नाही. पण तेवढ्यासाठी मैलोन्मैल रूळ उखडून आत सरकवायचे, प्रत्येक डब्याची चाकं बदलायची, इंजिनं दुरुस्तीला पाठवायची. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने होती. रूळ जवळ आणायचे असले की पूल आणि बोगदे आहेत तसे चालतात. आपल्या रुंदीकरणात बराच खर्च तिथेच तर होतो.

फेब्रुवारी 1855 मध्ये गाडी बाझलला पोचली. त्यासाठी 1852 मध्ये स्वित्झर्लंडशी करार झाला होता. म्हणून आजही बाझल शहरात, स्विस भूमीवर, जर्मन रेल्वेचं स्टेशन आहे. पुढे वाल्ड्सहूट 1856 मध्ये आणि कोन्स्टान्झ 1863 मध्ये जोडलं गेलं.

जुन्या स्टेशनांच्या खुणा मात्र शोधाव्या लागतात. कार्ल्सरूहचं आणि बाझलचं स्टेशन 1913 मध्ये हललं, हायडेलबर्गचं 1955 मध्ये. कार्ल्सरूहच्या जुन्या स्टेशनाच्या जागी आता नाट्यगृह आहे. बाझलच्या अलीकडे जुना मार्ग खडकाला वळसा घालत नदीकाठाने जातो. जलद गाड्या 2012 पासून नऊ किलोमीटरहून लांब काट्झेनबेर्ग बोगद्यातून थेट जातात.

12 ऑगस्ट 2017 ला याच मार्गावरच्या राश्टाट इथे नव्या बोगद्याचं खोदकाम चालू असताना वरचे जुने रूळ खचले आणि मार्ग 2 ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. प्रवाशांना राश्टाट आणि बाडेन-बाडेनच्या दरम्यान बसने नेलं. मालगाड्यांसाठी पलीकडच्या काठाचा फ्रेंच मार्ग होता, तोच ज्याच्या धास्तीने 1838 चा कायदा झाला. गेज आता दोन्हीकडे एकच, पण फ्रेंच येणारे जर्मन चालक पुरेसे मिळेनात.